‘इंग्रजी शिकणं हराम’ असा फतवा खरंच होता का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दहावीच्या वर्गासाठी तुम्ही एक टिपण लिहीत आहात. त्यात एक वाक्य आलं आहे, ‘उलेमांनी इंग्रजी शिकणं हराम ठरवल्यामुळे मुसलमान समाज आधुनिक शिक्षणात मागे पडला.’ (उलेमा म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राचे पंडित.) शाळेतल्या एका सहकाऱ्याने त्यावर हरकत घेतली आणि मूळ फतवा दाखवा म्हणाला. तो कुठे सापडेल, आणि मदरशांत आजही इंग्रजी बेताचीच असते त्याचं मूळ तिथेच आहे का, हे तुम्हाला हवं आहे.

आधी सरळ उत्तर. इंग्रजी भाषा म्हणून शिकणं सरसकट हराम आहे, असं म्हणणारा कुठल्याही मोठ्या उत्तर भारतीय मुफ्तीचा, म्हणजे धार्मिक प्रश्नांवर मत देणाऱ्या पंडिताचा, फतवा तुम्हाला दाखवता येणार नाही. उलट ‘शिकायला हरकत नाही’ असं सांगणारे फतवे दाखवता येतील, आणि तेही ज्यांना आपण कट्टर समजतो त्यांचे. म्हणून लगेच ‘उलेमांचा इंग्रजीला विरोधच नव्हता’ असंही लिहू नका. विरोध होता, कडवा होता आणि घराघरांत पोचला होता. तो नेमका कशाला होता, एवढंच शोधायचं आहे. उर्दू-फारसी फतवे वाचून त्यांची टाचणं काढणं हे माझं काम. या विषयात लोक जिथे घसरतात त्या जागा मोजक्या आहेत आणि बहुतेक सगळ्या शब्दांच्या आहेत.

त्या काळच्या कागदांत ‘अंग्रेजी पढना’ हे शब्द येतात तेव्हा अर्थ तीनपैकी कोणताही असू शकतो. एक, निव्वळ भाषा: अक्षरं, शब्द, पत्रव्यवहार. दोन, ‘अंग्रेजी तालीम’ म्हणजे सरकारी किंवा मिशनरी शाळेतलं शिक्षण, तिथली संगत आणि तिथली पुस्तकं यांसकट. तीन, त्या शिक्षणामागून येणारं सगळं काही: साहेबाची चाकरी, कोट-पाटलोण, टेबलावरचं जेवण. मुफ्ती ज्या गोष्टीबद्दल विचारलंय तिचंच उत्तर देतो. तिसऱ्या गोष्टीवरचं उत्तर पहिल्या गोष्टीला चिकटवलं की तुमच्या टिपणातलं वाक्य तयार होतं.

फतवा वाचताना म्हणूनच मी उत्तरावर शेवटी येतो. आधी सवाल, म्हणजे इस्तिफ्ता, पूर्ण वाचायचा. त्यात माणसांची खरी नावं बहुधा नसतात. ‘जैद म्हणतो असं, उमर म्हणतो तसं, कोण बरोबर?’ अशी ठरावीक घडण असते. हा जैद कुणी ऐतिहासिक माणूस समजून त्याच्यावर परिच्छेद लिहिलेले मी पाहिले आहेत! सवालातच पुष्कळदा उत्तर पेरलेलं असतं. ‘जो इंग्रजी शिकून नमाज सोडतो आणि शरीयतीची टिंगल करतो त्याच्याबद्दल काय हुकूम?’ असं विचारलं तर उत्तर कडकच येणार. त्यात इंग्रजीचा वाटा किती आणि नमाज सोडण्याचा किती, हे आपण निवडून काढायचं.

मग हुकमाचा शब्द बघायचा. जायज (चालेल असं), मुबाह (करा किंवा करू नका), मकरूह, नाजायज (चालणार नाही असं), हराम (निषिद्ध), कुफ्र (धर्म नाकारणं) हे शब्द मुफ्ती तोलून वापरतो. मकरूह म्हणजे नापसंत, आणि हरामपासून ते बरंच लांब आहे. हराममध्येही दोन जाती आहेत: एखादी गोष्ट मुळातच निषिद्ध असते, तर एखादी दुसऱ्या कशामुळे तरी निषिद्ध होते. दारू पहिल्या जातीची. इंग्रजीबद्दल कडक बोलणारेही तिला दुसऱ्याच जातीत घालतात, म्हणजे कारण गेलं की मनाई गेली. त्यानंतर अट शोधायची. उर्दूत ती ‘बशर्तेकि’ (या अटीवर की) या शब्दाने सुरू होते आणि उद्धृत करणारे नेमकी तिथेच कात्री लावतात. इंग्रजीच्या बाजूचा माणूस अट गाळून ‘जायज’ तेवढं ठेवतो, विरोधातला अटीलाच फतवा बनवतो.

तारखेतही घोळ होतो. हिजरी वर्ष चांद्र असल्यामुळे सौर वर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान असतं, त्यामुळे ठरावीक आकडा मिळवून इसवी सन काढता येत नाही. हिजरी सनाला ०.९७ ने गुणा आणि ६२२ मिळवा. १२८३ चे १८६६ येतात, बरोबर. महिना वर्षाच्या शेवटाकडचा असेल तर उत्तर पुढच्या इसवी सनात सरकू शकतं. शिवाय बहुतेक संग्रह मुफ्तीच्या मृत्यूनंतर, सुटी पत्रं जमवून छापले गेले आणि पुष्कळ उत्तरांवर तारीखच नाही. संग्रहाच्या छपाईचं साल फतव्याला लावणं ही नेहमीची चूक.

आता प्रत्यक्ष माणसांकडे वळू. सुरुवात दिल्लीच्या शाह अब्दुल अजीज (१७४६–१८२४) यांच्यापासून करावी लागते. १८०३ मध्ये कंपनीच्या फौजेने मराठ्यांचा, म्हणजे शिंद्यांच्या फौजेचा, पराभव करून दिल्ली घेतली. त्यानंतर ‘इथे आता ख्रिस्ती अधिकाऱ्यांचा हुकूम चालतो, म्हणून हा मुलूख दारुल-हर्ब’ (इस्लामी सत्तेबाहेरचा, शत्रूचा मुलूख) असं मत याच माणसाने दिलं. ते मत सगळ्यांना ठाऊक असतं. त्यांच्याच संग्रहात इंग्रजी शिकण्यावरचं उत्तरही आहे, ते मात्र फारसं कुणी वाचत नाही. त्याचा आशय असा की अक्षरं ओळखणं, लिहिणं, शब्दांचे आणि वाक्प्रचारांचे अर्थ जाणणं यात काही वावगं नाही. आधाराला हदीस, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींची नोंद, दिली आहे: पैगंबरांनी जैद बिन साबित यांना यहुद्यांची भाषा शिकायला सांगितलं आणि त्यांनी पंधरवड्यात ती आत्मसात केली. (हा जैद मात्र खराखुरा, सवालातला नव्हे.) पुढे अट येते. हेच शिक्षण गोऱ्यांची खुशामत करायला आणि त्यांच्याशी सलगी वाढवायला असेल तर ते नापसंत. साधनाचा हुकूम साध्यावरून ठरतो, हे फिकहचं, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्राचं, जुनं सूत्र इथे कामाला लागलं आहे.

नोकरीबद्दलही त्यांचं मत याच धाटणीचं आहे. काम जुलमाचं किंवा शरीयतीविरुद्ध नसेल तर चालेल. त्यांचे जावई मौलवी अब्दुल हई यांनी मेरठला कंपनीची नोकरी धरली ती शाहसाहेबांच्या संमतीनेच. दिल्लीच्या सूफी वर्तुळातून तेव्हा यावर नाराजी व्यक्त झाली. ‘दारुल-हर्ब’ म्हणणारा माणूस इंग्रजीला आणि कंपनीच्या पगाराला सशर्त होकार देतो, ही विसंगती वाटते. पण राज्य कुणाचं हा एक प्रश्न आणि त्या राज्यात जगायचं कसं हा दुसरा. मुफ्तीकडे दोन्ही प्रश्न वेगवेगळे येत होते आणि तो त्यांची उत्तरंही वेगवेगळी देत होता.

मग बिनसलं कुठे? माझ्या मते १८३५ मध्ये, कलकत्त्यात, आणि बिनसण्याला पैशाची बाजू होती. कलकत्ता मदरसा वॉरन हेस्टिंग्जने १७८० मध्ये सुरू केलेला. तिथे इंग्रजीचा वर्ग १८२६ पासून होता, म्हणजे इंग्रजी आली म्हणून मौलवी मदरसा सोडून पळाले नव्हते. मेकॉलेने २ फेब्रुवारी १८३५ च्या टिपणात या मदरशाचा डिसेंबर १८३३ चा हिशेबच मांडला आहे: अरबीचे विद्यार्थी ७७, सगळ्यांना सरकारी विद्यावेतन, महिन्याचा खर्च ५०० रुपयांच्या वर. उलट बाहेरून इंग्रजी शिकायला येणाऱ्यांकडून तीन महिन्यांत १०३ रुपये फी जमा. त्याचा निष्कर्ष असा की अरबी शिकवायला आपल्याला पैसे मोजावे लागतात आणि इंग्रजी शिकायला लोक आपल्याला पैसे मोजतात. ७ मार्चला गव्हर्नर-जनरल बेंटिंकचा ठराव आला आणि नव्या विद्यार्थ्यांची विद्यावेतनं बंद झाली.

त्यावर कलकत्त्याच्या मुसलमानांनी सुमारे ८,००० सह्यांचा अर्ज सरकारला दिला. शहरातले नामांकित मौलवी त्यात होते. अरबीचा आश्रय काढून फक्त इंग्रजीला बळ देण्यामागे लोकांना ख्रिस्ती करण्याचा हेतू आहे, अशी भीती अर्जदारांनी बोलून दाखवली. तुमच्या विद्यार्थ्यांना हा अर्ज जरूर सांगा, कारण विरोधाचं नेमकं रूप त्यात दिसतं. इंग्रजी बंद करा अशी त्यांची मागणी नव्हती. आमचं ताट काढून तिकडे वाढू नका, एवढं त्यांचं म्हणणं होतं.

पुढच्या तीस वर्षांत एकामागून एक फटके बसले. १८३७ मध्ये फारसी कचेऱ्यांतून गेली. १८४४ मध्ये गव्हर्नर-जनरल हार्डिंगने नोकरीत इंग्रजी शिकलेल्यांना पसंती जाहीर केली. १८६४ च्या कायद्याने न्यायालयांतली काजी आणि मुस्लिम कायदा अधिकाऱ्यांची पदं रद्द झाली. मदरशात शिकून मिळणारी बरीवाईट सरकारी जागा म्हणजे ही पदं. ती गेल्यावर इंग्रजीकडे ‘आणखी एक भाषा’ म्हणून बघणं अवघड झालं.

धर्मांतराची भीती कितपत खरी होती? आकड्याने लहान, पण परिणामाने मोठी. १८५२ मध्ये दिल्ली कॉलेजचे शिक्षक मास्टर रामचंद्र आणि डॉ. चमनलाल यांनी बाप्तिस्मा घेतला आणि शहर हादरलं. दोघे जन्माने हिंदू, पण पालक हिंदू असोत की मुसलमान, पोरं शाळेतून काढायला सगळेच धावले. आपल्याकडे मुंबईतही हेच झालं होतं. १८३९ मध्ये दोन पारशी मुलांनी ख्रिस्ती धर्म घेतल्यावर पारशी समाज खवळला, आणि १८४३ मध्ये नारायण शेषाद्रीच्या धर्मांतरानंतर त्याचा धाकटा भाऊ श्रीपत याला परत घेण्यावरून ब्राह्मणांत रण माजलं, बाळशास्त्री जांभेकरांना त्यात उतरावं लागलं. मिशनच्या शाळेची धास्ती एकट्या मौलवींची नव्हती, हे विद्यार्थ्यांना सांगायला या गोष्टी उपयोगी पडतील.

त्याच दिल्ली कॉलेजात आणखी एक मजा आहे. अरबी विभागाचे प्रमुख मौलाना मम्लूक अली सरकारी पगारावर शिकवत. पुढे देवबंदचा मदरसा उभारणारे मुहम्मद कासिम नानोतवी आणि रशीद अहमद गंगोही दोघेही त्यांचे शिष्य. कॉलेजच्या पौर्वात्य शाखेत गणित आणि विज्ञान उर्दूतून शिकवलं जाई, त्यासाठी शंभराच्या वर पुस्तकांची भाषांतरं झाली. म्हणजे पाश्चात्त्य विद्येला नकार नव्हता, तिच्या इंग्रजी वाटेला होता. पुढे ‘डिप्टी’ म्हणून गाजलेले नजीर अहमद याच शाखेचे. मुलगा मेला तरी चालेल पण इंग्रजी शिकायला नको, असं वडील म्हणाले होते, ही आठवण त्यांच्याच नावावर सांगितली जाते. मोठे झाल्यावर ते इंग्रजी शिकले आणि भारतीय दंडसंहिता उर्दूत आणण्यात त्यांचा हात होता. फतव्यात ‘जायज’ असूनही घरात ‘नको’ असू शकतं, हे इथे स्पष्ट दिसतं. समाजातला विरोध मोजायचा तर फतव्यांइतकाच वडिलांचा शब्दही धरायला हवा.

इंग्रजी उलेमांच्या कामाला आली तो प्रसंगही सांगतो, कारण तो पाठ्यपुस्तकांत येत नाही. एप्रिल १८५४ मध्ये आग्र्याला मौलाना रहमतुल्लाह कैरानवी आणि जर्मन मिशनरी फाण्डर यांचा जाहीर वाद झाला. मौलानांना इंग्रजी येत नव्हती. त्यांच्या शेजारी बसले होते डॉ. वजीर खान, सरकारी दवाखान्यातले डॉक्टर. बायबलच्या मजकुरातले पाठभेद आणि विसंगती दाखवणारी युरोपीय विद्वानांची पुस्तकं ते इंग्रजीतून वाचून होते. फाण्डरने अशा माऱ्याची अपेक्षाच केली नव्हती. ‘विरोधकाला उत्तर द्यायला इंग्रजी शिकणं चांगलं, त्यात पुण्यही आहे’ हा मुद्दा पुढच्या फतव्यांत येतो, त्याची ताकद किती हे आग्र्यात आधीच दिसून गेलं होतं.

आता सर सय्यद अहमद खान. ‘हराम’ची दंतकथा बहुतेक इथेच जन्मली. त्यांची अलीगढची शाळा २४ मे १८७५ ला सुरू झाली, कॉलेजची पायाभरणी जानेवारी १८७७ ची. त्याआधी आणि नंतर सर सय्यदवर कुफ्रचे फतवे निघाले, ही गोष्ट खरीच. पण फतवे वाचले तर आरोप काय दिसतात? फरिश्ते, जिन आणि चमत्कार यांचा त्यांनी लावलेला अर्थ, कुराणाचं ‘निसर्गनियमां’नुसार केलेलं विवरण, १८७० पासून त्यांच्या नियतकालिकात येणारे लेख. ‘नेचरी’ हे त्यांना मिळालेलं टोपणनावच सगळं सांगतं. ज्याची श्रद्धा अशी, त्याने काढलेल्या मदरशाला पैसे द्यावेत का, हा त्यातला सवाल. इंग्रजी व्याकरण त्यात कुठेच नाही.

आणि फतवे गोळा करत फिरणारे कोण होते ते पाहा. पुढाकार दोघांचा: कानपूरचे डेप्युटी कलेक्टर मौलवी इमदाद अली आणि गोरखपूरचे सबजज्ज मौलवी अली बख्श खान. दोघेही इंग्रज सरकारचे पगारी अधिकारी. अली बख्श तर मक्का-मदिनेहून फतवे घेऊन आले. इंग्रजांच्या नोकरीला यांचा विरोध असता तर आधी स्वतःचा राजीनामा दिला असता. सर सय्यदनाही वादाचं मूळ कळत होतं. म्हणून त्यांनी कॉलेजातलं धार्मिक शिक्षण सुन्नी आणि शिया यांच्या स्वतंत्र समित्यांकडे सोपवलं आणि स्वतः त्यांत बसले नाहीत. पुढे अलीगढच्या धर्मशिक्षणाची सूत्रं ज्या मौलाना अब्दुल्लाह अन्सारींकडे गेली, ते देवबंदच्या नानोतवींचे जावई! आणि नानोतवी १८८० मध्ये वारले तेव्हा सर सय्यदनी त्यांच्यावर मनापासून मृत्युलेख लिहिला. अलीगढ विरुद्ध देवबंद हे चित्र आपण रंगवतो त्याहून पुष्कळ फिकट होतं.

देवबंदवर थोडं थांबतो, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. ३० मे १८६६ ला छत्ता मशिदीत, डाळिंबाच्या झाडाखाली, एक शिक्षक आणि एक विद्यार्थी अशी सुरुवात झाली. संस्थापकांपैकी झुल्फिकार अली आणि फजलुर रहमान हे सरकारी शिक्षण खात्यात डेप्युटी इन्स्पेक्टर होते. त्यांनी अभ्यासक्रमात इंग्रजी ठेवली नाही, पण संस्था चालवण्याची रीत सरळ सरकारी कॉलेजची उचलली: वर्गवार अभ्यास, ठरलेलं वेळापत्रक, लेखी परीक्षा, पगारी शिक्षक, छापील वार्षिक अहवाल, देणगीदारांच्या याद्या. देणग्या टपालाने यायच्या, पुढे मनीऑर्डरने. फक्त सरकारी पैसा नको, कारण पैशामागून हुकूम येतो, हे नानोतवींनी संस्थेच्या आठ तत्त्वांत लिहून ठेवलं.

इंग्रजी आणि नव्या विद्या का नाहीत, याचा खुलासा नानोतवींनी स्वतः जानेवारी १८७४ च्या पदवीदान सभेत केला. कारणं दोन. नव्या विद्यांसाठी सरकारी शाळा जागोजागी आहेत, जुन्या विद्यांना मात्र कुणी वाली उरलेला नाही, म्हणून हाताशी असलेला पैसा तिकडे लावायचा. आणि एकाच वेळी फार विषय लादले तर विद्यार्थी कुठल्याच विषयात तयार होत नाही. पुढे ते म्हणाले की इथलं शिक्षण पुरं करून कुणी सरकारी शाळेत जाऊन नव्या विद्या शिकला तर त्याची योग्यता वाढेलच. हा हिशेब वेळेचा आणि पैशाचा होता. बिघडलं ते अंमलात. दर्से-निजामी, म्हणजे मदरशांचा ठरावीक अभ्यासक्रम, पुरी व्हायला आठ-दहा वर्षं. तोवर मुलगा विशीत पोचतो, सरकारी शाळेच्या खालच्या वर्गात बसण्याचं त्याचं वय गेलेलं असतं आणि घरचे कमाईची वाट पाहत असतात. ‘आधी हे, मग ते’ यातलं ‘मग’ बहुतेकांच्या वाट्याला आलंच नाही. मदरशातल्या बेताच्या इंग्रजीचं मूळ मी या वेळापत्रकात शोधतो. त्यावर धार्मिक साज पुढे चढला.

हा पेच काही उलेमांना दिसत होता. १८९२ मध्ये कानपूरला नदवतुल उलेमा (थोडक्यात नदवा) या उलेमांच्या संस्थेची कल्पना निघाली, १८९८ मध्ये लखनऊला त्यांचं दारुल उलूम उघडलं. शिब्ली नोमानी अलीगढला सोळा-एक वर्षं शिकवून तिथे आले आणि मौलवीला इंग्रजी आलीच पाहिजे असा आग्रह धरला. संस्थेतल्याच मंडळींनी त्यांना विरोध केला. १९०८ मध्ये सरकारकडून महिना ५०० रुपयांचं अनुदान आलं, इंग्रजी आणि लौकिक विषयांसाठी. ज्या पैशाला देवबंदने दार लावलं होतं तोच नदव्यात आल्यामुळे इंग्रजीविरुद्ध बोलणाऱ्यांच्या हाती आयतं कोलीत मिळालं. विषय चांगला असला तरी पैसा कुणाचा यावरून तो बदनाम होतो. १८३५ चीच गोष्ट, उलट्या बाजूने.

भाषेवरचे फतवे आता एका दमात सांगून टाकतो. गंगोहींचं उत्तर एका ओळीचं आहे: इंग्रजी भाषा शिकणं दुरुस्त आहे, बशर्तेकि पाप घडू नये आणि धर्माला तोटा होऊ नये. लखनऊच्या फिरंगी महलचे अब्दुल हई (१८४८–१८८६, हे मेरठवाल्यांहून वेगळे, नावांची गल्लत करू नका) साधारण तेच म्हणतात. बरेलीचे अहमद रझा खान देवबंदींचे कट्टर विरोधक, पण इथे त्यांचंही उत्तर जुळतं: ख्रिस्त्यांचं खंडन करायला शिकलात तर पुण्य, पोटापाण्यासाठी भाषा, गणित, भूगोल शिकलात तरी हरकत नाही, मात्र श्रद्धेला धक्का नको आणि फर्ज, म्हणजे सक्तीची धर्मकर्तव्यं, सुटायला नकोत. अशरफ अली थानवींनी यावर स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. भाषा निर्दोष, पण तिच्याबरोबर येणाऱ्या गोष्टींनी ती दूषित होते, हा त्यांचा मुद्दा. प्रत्यक्षात त्या गोष्टी टळतच नाहीत असं त्यांना वाटत असल्यामुळे चौघांत त्यांचा सूर सगळ्यांत कडक आहे. एकमेकांच्या मागे नमाज पढायला राजी नसलेले देवबंदी आणि बरेलवी या एका मुद्द्यावर एकाच अटीसह जवळजवळ एकच उत्तर देतात, हा माझ्या लेखी सगळ्यांत भक्कम पुरावा.

अट मात्र हलकी समजू नका. ‘धर्माला तोटा होऊ नये’ हे कागदावर सोपं आहे. शाळेची वेळ आणि नमाजाची वेळ एकच असेल, वाचनाचं पुस्तक मिशनचं असेल, तर सावध बाप मुलाला घरीच ठेवणार. होकार फतव्यात आणि नकार अटीत, अशी ही रचना होती. उलेमांची जबाबदारी मी इथे धरतो: अट पाळता येईल अशा शाळा उभारण्याचं काम त्यांनी फार थोड्या ठिकाणी केलं. ते इतरांनी केलं. कलकत्त्यात नवाब अब्दुल लतीफ यांनी १८५३ मध्ये ‘मुसलमान विद्यार्थ्यांना इंग्रजी शिक्षणाचे फायदे’ या विषयावर फारसीत निबंध मागवून १०० रुपयांचं बक्षीस ठेवलं. ते पटकावलं मुंबईच्या एका अरबी-फारसी शिक्षकाने. मुंबईत १८७४ मध्ये बद्रुद्दीन तय्यबजी वगैरेंनी अंजुमन-ए-इस्लाम काढली, १८८० मध्ये तिची शाळा सुरू झाली. कोकणी, बोहरा, मेमन या व्यापारी समाजांत इंग्रजीचा प्रश्न दिल्ली-लखनऊसारखा पेटला नाही, कारण त्यांची प्रतिष्ठा फारसी कचेरीवर कधी टेकलेलीच नव्हती.

१९२० बद्दल एक सावधगिरी. असहकाराच्या काळात जमियत उलेमा या उलेमांच्या संघटनेच्या फतव्यावर शेकडो उलेमांनी सह्या केल्या. सरकारी आणि अनुदानित शाळा-कॉलेजं सोडा, असं त्यात होतं. काही लेखक तेच ‘इंग्रजीविरोधी फतवा’ म्हणून देतात. तो बहिष्कार सरकारवर होता, आणि तेच आवाहन गांधीजी हिंदू विद्यार्थ्यांनाही करत होते. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला अलीगढमध्ये जामिया मिल्लियाची स्थापना झाली, तिथे इंग्रजी शिकवली जात होतीच. माल्टाच्या कैदेतून नुकतेच सुटलेले देवबंदचे महमूद हसन, १८६६ चा तो पहिला विद्यार्थी, अध्यक्ष होते. आजारी असल्यामुळे त्यांचं भाषण शब्बीर अहमद उस्मानींनी वाचलं. त्यात ते म्हणतात की आमच्या वडीलधाऱ्यांनी परकी भाषा किंवा दुसऱ्या कौमांच्या विद्या शिकण्यावर कधीही कुफ्रचा फतवा दिला नाही, त्यांचा आक्षेप त्या शिक्षणातून होणाऱ्या परिणामांवर होता. सहकाऱ्याला मूळ आधार दाखवायचा असेल तर हे भाषण दाखवा. तारीख पक्की आहे, बोलणारा अधिकारी आहे, आणि ५४ वर्षांत हा गैरसमज इतका पसरला होता की तो त्यांना जाहीरपणे खोडावा लागला, हेही त्यातून कळतं.

राहिलं ‘त्यामुळे मागे पडले’. हा दुवाच सगळ्यांत कच्चा आहे. मागासलेपणाचं प्रसिद्ध चित्र विल्यम हंटर या इंग्रज अधिकाऱ्याने १८७१ मध्ये रंगवलं, ते मुख्यतः बंगालच्या आकड्यांवर. तिथले बहुसंख्य मुसलमान शेतकरी. त्यांच्या गावात ना इंग्रजी शाळा होती ना फीचे पैसे, फतवा तर फार दूर. हाजी मुहम्मद मोहसीन यांच्या धर्मादाय निधीतून १८३६ मध्ये हुगळीला कॉलेज उघडलं, त्यात बहुसंख्य विद्यार्थी हिंदू, आणि तो पैसा मुसलमानांच्या शिक्षणाकडे वळवायला १८७३ उजाडलं. उलट वायव्य प्रांतात, म्हणजे देवबंद आणि बरेली जिथे आहेत त्या आजच्या उत्तर प्रदेशातच, मुसलमान लोकसंख्येत सुमारे सातवा-आठवा हिस्सा असूनही खालच्या महसुली आणि न्यायालयीन पदांवर त्यांचं प्रमाण त्याच्या कितीतरी पुढे होतं. फतव्यांनी माणसं मागे पडत असती तर हे उलट दिसायला हवं होतं.

तेव्हा टिपणातलं वाक्य काढा. जागा एकाच वाक्याची असेल तर असं लिहा: ‘बहुतेक प्रमुख उलेमांनी इंग्रजी भाषा शिकायला सशर्त परवानगी दिली होती, पण सरकारी आणि मिशनरी शाळांतलं वातावरण, धर्मांतराची भीती, अरबी-फारसीचा काढून घेतलेला आश्रय आणि सर सय्यद यांच्या धर्मविषयक मतांवरचा वाद यांमुळे इंग्रजी शिक्षणाबद्दल बराच काळ संशय राहिला.’ दुसऱ्या वाक्याला जागा असेल तर बंगाल आणि वायव्य प्रांत यांतला फरक घाला. मुलं परीक्षेत ‘हराम ठरवले’ असंच लिहून आली तर मात्र लाल शाई जपून वापरा, कारण त्यांच्या गाइडात तेच छापलेलं असणार.